भाग चौदावा : धक्का लाकडाने सोसायचा असतो

रायफलवर बोलायला लागलो की श्रोते नळीचे विचारतात, गोळीचे विचारतात, निशाण्याचे विचारतात. दस्त्याचे कोणी विचारत नाही. दस्ता म्हणजे लाकूड, आणि लाकूड म्हणजे सुताराचे काम, अशी आपली समजूत. आजचा भाग त्या लाकडाचा आहे. कारण १९६२ नंतर आपल्या देशाने जी एक रायफल घाईगर्दीत उभी केली, तिची हकीकत लाकडातल्या एका स्क्रूपाशी येऊन थांबते.

आधी धक्का समजून घेऊ. .३०३ ची गोळी सव्वाअकरा ग्रॅमची, वेग सेकंदाला साधारण ७४५ मीटर. तिच्या मागून जळालेल्या दारूचा वायू याहून जोरात बाहेर पडतो. चार किलोची रायफल मोकळी टांगली आणि गोळी झाडली, तर ती सेकंदाला पावणेतीन मीटरच्या आसपास वेगाने मागे जाईल. हा वेग तिला येतो सेकंदाच्या काही हजाराव्या भागात. म्हणून खांद्याला तो ढकलल्यासारखा वाटत नाही, ठोसा बसल्यासारखा वाटतो. लोखंड आणि लाकूड यांच्या सांध्यालाही तसाच ठोसा बसतो.

हा ठोसा लोखंडातून लाकडात कुठे उतरवायचा, याची दोन उत्तरे आहेत. पहिले जर्मन माउझरचे, १८९८ चे. त्यात दस्ता एकसंध, टोकापासून खांद्यापर्यंत एकच लाकूड. रायफलच्या बॉडीच्या पुढच्या भागाला खालून एक जाड लोखंडी दात असतो, त्याला रिकॉइल लग म्हणतात. लाकडात त्याच्यासाठी खाच असते. गोळी सुटली की लगची मागची बाजू खाचेच्या मागच्या भिंतीवर आदळते आणि सगळाच्या सगळा धक्का त्या दोन बोटे रुंद लाकडातून खांद्याकडे जातो. म्हणून माउझरवाल्यांनी त्या भिंतीत आडवा लोखंडी बोल्ट घातला.

पुढे अमेरिकेत रेमिंग्टनने बॉडी आणि नळी यांच्यामध्ये वॉशरसारखी एक स्वतंत्र पट्टी दाबून तिलाच लग केले. आजकाल नेमबाज मंडळी ही पट्टी काढून जास्त जाड पट्टी घालतात. मग दस्ता बसत नाही, आणि हौशी माणूस छिन्नी घेऊन नेमके चुकीच्या बाजूचे लाकूड कापतो. लग जाड झाली तरी बॉडीचे तोंड जागचे हलत नाही. म्हणजे लगची मागची बाजू जिथे होती तिथेच राहते, जाडी वाढते ती पुढच्या अंगाला. मागच्या भिंतीला हात लावायचा नाही. पुढचे लाकूड काढायचे, लग खाली जास्त लांब असेल तर तळ थोडा खोल करायचा आणि पुढे, खाली, दोन्ही बाजूंना कागदाएवढी फट ठेवायची. नळीही तितकीच पुढे सरकते, म्हणून तिची पन्हळसुद्धा तपासावी लागते. लोखंडाला काजळ लावून बसवायचे, उचलायचे, काळा डाग उमटेल तेवढेच खरवडायचे. जुने आर्मरर असेच करत, आणि आजही याहून भरवशाची रीत मला माहीत नाही. (आपल्याकडे हे काम परवानाधारक बंदूक दुरुस्ती करणाऱ्याकडूनच करून घ्यायचे असते. शस्त्र कायदा १९५९ चा आहे आणि तो दस्त्याच्या हौसेसाठी सवलत देत नाही.)

दुसरे उत्तर इंग्रजांच्या ली-एनफिल्डचे. १९०७ मध्ये स्वीकारलेली मार्क ३ रायफल. कलकत्त्याजवळ हुगळीच्या काठी ईशापूरला १९०४ मध्ये रायफल फॅक्टरी उभी राहिली आणि तिथे हीच रायफल बनू लागली. हिचा दस्ता दोन तुकड्यांचा. मागचा बट एका लांब बोल्टने थेट बॉडीला आवळलेला. त्यामुळे खांद्याकडे जाणारा मुख्य धक्का बटमधून सरळ जातो. पुढच्या लाकडाला, म्हणजे फोर-एंडला, फक्त बॉडीबरोबर मागे यायचे असते. ऐकायला सोपे वाटते. पण त्या लाकडाच्या टोकाला संगीन अडकवायची वजनदार लोखंडी टोपी असते आणि हे सगळे वजन एका झटक्यात मागे ओढावे लागते. बॉडीच्या मागच्या भागात दोन्ही बाजूंना छोटे खांदे आहेत, ते फोर-एंडच्या लाकडाला मागे रेटतात. रेटा झेलणारी जागा अंगठ्याच्या नखाएवढी.

लाकूड सुकले, तेल पिऊन मऊ झाले किंवा घासले गेले, की ही जागा सुटते. मग धक्का पुढच्या स्क्रूवर येतो, मॅगझिनच्या दोन्ही बाजूंच्या पातळ भिंतींवर येतो आणि लाकूड लांबीत चिरते. ऑस्ट्रेलियात लिथगोच्या कारखान्याने अक्रोडाऐवजी तिथले कोचवुड वापरले. ते मऊ पडू लागले, तेव्हा दुसऱ्या महायुद्धात त्यांनी त्या नखाएवढ्या जागेवर तांब्याच्या पट्ट्या स्क्रूने बसवल्या. आमच्या छत्तीसगडात सागवान मुबलक, म्हणून दस्त्यासाठी सागवान का नाही, असे तात्यापाऱ्यातली मंडळी मला विचारतात. सागवान पाण्याला टिकते, वाळवीला टिकते, पण ठोशाला अक्रोडासारखे लवत नाही. पलंगाला उत्तम.

आता १९६२. १८ नोव्हेंबरला रेझांग ला येथे मेजर शैतान सिंह यांची १३ कुमाऊंची कंपनी जवळजवळ शेवटच्या माणसापर्यंत लढली. जवानांच्या हातात बोल्ट ओढायची .३०३ होती, समोर चिन्यांकडे स्वयंचलित आणि अर्धस्वयंचलित हत्यारे. त्याच महिन्यात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य आपल्या घराघरांत आहे. पण सह्याद्री धावला तेव्हा सैन्य वाढवायचे होते आणि वाढणाऱ्या सैन्याला रायफली लागणार होत्या. ७.६२ मिमीची नवी सेल्फ-लोडिंग रायफल ईशापूरला नुकतीच सुरू होत होती. ती सगळ्यांना पुरायला वर्षे लागणार होती. काडतुसांची बाजूही बदलत होती. १८६९ पासून चाललेल्या खडकीच्या कारखान्याचे केएफ हे शिक्के .३०३ च्या काडतुसांच्या बुडावर पिढ्यानपिढ्या दिसत आले. १९६४ मध्ये भुसावळजवळ वरणगावला नवा काडतूस कारखाना उभा राहिला.

मधला मार्ग असा निघाला : यंत्रे आणि कारागीर ओळखीच्या ली-एनफिल्डचे, काडतूस नवे ७.६२ चे. या रायफलीला २ए म्हणतात. इथे एक गैरसमज खोडून काढला पाहिजे, कारण त्यात हात-डोळे जाण्याचा धोका आहे. जुन्या .३०३ ला फक्त नवी नळी लावून २ए केली, असे पुष्कळ लोक सांगतात. तसे नाही. ७.६२ च्या काडतुसाचा चेंबरमधला दाब .३०३ पेक्षा बराच जास्त. ली-एनफिल्डचा बोल्ट मागच्या बाजूला अडकतो, त्यामुळे जादा ताण बोल्ट आणि बॉडी दोघांवर येतो. म्हणून बॉडी नव्याने आणि अधिक चांगल्या पोलादाची केली. काडतुसाला कड नसल्याने एक्स्ट्रॅक्टर बदलला, मॅगझिन चौकोनी झाले. पुढे १९६५ पासून साइटवरची २००० यार्डांची मजल ८०० मीटरवर आणली आणि तिचे नाव २ए१ झाले. कोणाच्या भल्याबुऱ्या डोक्यातून निघालेला २००० यार्डांचा आकडा तसाही कागदावरचाच होता.

लाकूड मात्र जुनेच. मार्क ३ चे दस्ते, टोप्या, पट्ट्या यांचा साठा होता आणि तोच वापरला. जादा मजबुतीसाठी फोर-एंडच्या आतल्या कमकुवत जागा कोरून नवे टणक लाकूड भरणे हा शास्त्रशुद्ध उपाय. त्याला कुशल हात आणि वेळ लागतो. ईशापूरने दुसरा उपाय केला. मॅगझिनच्या पुढे लाकडातून आरपार एक आडवा स्क्रू घातला. दोन्ही भिंती एकमेकींना बांधल्या गेल्या, चीर पडायची जागाच आवळली. हिशेब पाहिला तर धक्क्याचा एकूण जोर फारसा वाढलेला नाही. ७.६२ ची गोळी जास्त वेगाची, पण साडेनऊ ग्रॅमचीच. जुने, आधीच तेल पिलेले लाकूड पुन्हा कामाला लावायचे होते, एवढाच प्रश्न होता आणि त्याला स्क्रू पुरेसा होता.

माझ्या मते ही तडजोड तांब्याच्या पट्टीपेक्षा कमी देखणी आणि आपल्या परिस्थितीला जास्त योग्य. पट्टी रेटा झेलणारी जागाच टणक करते, स्क्रू फक्त फुटणे रोखतो. पट्टीसाठी प्रत्येक दस्ता वेगळा मोजून बसवावा लागतो. स्क्रूला एक जिग, एक ड्रिल आणि शिकाऊ कामगार चालतो. युद्ध हरून दोन वर्षेही झाली नव्हती.

या रायफली पुढे फौजेतून हळूहळू मागे गेल्या. पोलीस, होमगार्ड, राखीव साठे. तिची थोरली बहीण .३०३ तर त्याहून चिवट. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला निरोप दिला तो २०२० च्या प्रजासत्ताक दिनाला. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईच्या सीएसटीवर रेल्वे सुरक्षा दलाच्या एका हवालदाराने एके-४७ समोर हीच चालवली. आणि बस्तरमधून जप्त झालेल्या हत्यारांची यादी रायपूरच्या वर्तमानपत्रात येते, तिच्यात .३०३ आणि .३१५ आजही सापडतात. .३१५ म्हणजे फौजी काडतूस सामान्य माणसाच्या हाती पडू नये म्हणून इंग्रजांनी वेगळे ठेवलेले नागरी माप. ईशापूरने त्या मापाची शिकारी रायफल याच ली-एनफिल्डच्या बांध्यावर बनवली.

कधी एखाद्या संग्रहालयात किंवा पोलीस लाइनीत जुनी रायफल पाहायला मिळाली, तर बोल्टच्या मुठीखाली, उजव्या बाजूच्या लोखंडी पट्ट्यावर आर.एफ.आय. आणि साल पाहा. मग मॅगझिन पाहा. चौकोनी असेल तर त्याच्या पुढे, लाकडाच्या बाजूला बोट फिरवा. स्क्रूचे डोके किंवा त्यावर भरलेला डाग लागेल. स्क्रूच्या मागे लांबीत बारीक रेघ दिसली, तर ती रायफल वापरलेली आहे, आणि बरीच वापरलेली आहे.