दाब नको असतो तेव्हा... अर्थात सुपरचार्जरच्या बायपासची गोष्ट

सुपरचार्जर म्हटलं की बऱ्याच जणांना 'मॅड मॅक्स' आठवतो. १९७९ सालच्या त्या सिनेमात हिरो गिअरच्या दांड्यावरची लाल मूठ ओढतो, बॉनेटमधून डोकं वर काढलेला पंप गरगर फिरायला लागतो आणि गाडी सुसाट सुटते. गंमत अशी की शूटिंगच्या गाडीवरचा तो पंप नुसता शोभेचा होता. पण सिनेमावाल्यांनी नकळत एका जुन्या आणि खऱ्याखुऱ्या प्रश्नावर बोट ठेवलं होतं. जादा ताकद देणारं यंत्र जेव्हा नको असतं, तेव्हा त्याचं करायचं काय?

सुपरचार्जरचा इतिहास सहसा ताकदीचा इतिहास म्हणून सांगतात. इतके हॉर्सपॉवर, तितका वेग वगैरे. मला तो उलट्या बाजूनं वाचायला जास्त मजा येते.

आधी थोडं बेसिक. इंजिन म्हणजे शेवटी हवेचा पंप. आत हवा जास्त, तर पेट्रोल जास्त जाळता येतं आणि ताकद जास्त मिळते. टर्बो सायलेन्सरकडे निघालेल्या गरम वायूंवर फिरतो. सुपरचार्जर मात्र थेट इंजिनाच्याच जिवावर, पट्ट्यानं किंवा गिअरनं फिरतो. त्यातला सगळ्यात प्रसिद्ध प्रकार म्हणजे रूट्स. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या भावांनी १८६० साली त्याचं पेटंट घेतलं. तेव्हा मोटारगाडी जन्मालाही आली नव्हती. त्यांचा पंप भट्ट्यांना आणि खाणींना वारा घालायच्या कामाचा होता.

या पंपाला अक्कल नसते. एका फेऱ्यात ठरलेली हवा तो पुढे ढकलणार म्हणजे ढकलणार. पुढे कुणाला हवी आहे की नाही, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तुम्ही सिग्नलला उभे असा, नाहीतर हायवेवर साठच्या स्पीडनं गाणी ऐकत चाललेले असा, तो इंजिनाची ताकद खात राहतो आणि हवा तापवत राहतो. आपल्या भाषेत सांगायचं तर सर्व्हरवर शून्य लोड, तरी सीपीयू शंभर टक्के!

यावरचं पहिलं उत्तर होतं ड्रायव्हरचा पाय. सप्टेंबर १९२१ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात डाइमलर कंपनीनं सुपरचार्जर लावलेल्या मर्सिडीज गाड्या मांडल्या. त्यांच्या नावातच सगळं होतं. '६/२५/४०' म्हणजे कराच्या हिशेबानं ६ हॉर्सपॉवर, पंपाशिवाय २५ आणि पंप चालू असताना ४०. एरवी पंप सुटा असायचा. ॲक्सिलरेटर थेट तळाशी दाबला की क्लच लागायचा, पंप किंचाळत फिरू लागायचा आणि पाय उचलला की पुन्हा गप्प. पुढे आलेल्या एसएसके या थोरल्या गाडीचे आकडे होते २७/१७०/२२५. हा जोर थोडा वेळच वापरायचा, ही शिस्त ड्रायव्हरनं पाळायची. यंत्र फक्त पायाचं ऐकणार.

दुसरं उत्तर इंग्रजी होतं, 'बंद करायचाच कशाला?' टिम बर्किन नावाच्या रेसरनं साडेचार लिटरच्या बेंटलीच्या नाकावरच सुपरचार्जर बसवला आणि तो थेट क्रँकशाफ्टला जोडला. मधे क्लच नाही, काही नाही. इंजिन फिरतंय तोवर पंपही फिरतोय. एरवीच्या गाडीची ११० हॉर्सपॉवर, रेसच्या 'ब्लोअर'ची २४० च्या घरात. खुद्द वॉल्टर ओवेन बेंटलीला हा प्रकार मुळीच पसंत नव्हता. त्याचं मत सरळ होतं, ताकद हवी तर इंजिन मोठं करा.

जून १९३० मध्ये ले मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत ही दोन उत्तरं समोरासमोर आली. काराचिओलाची मर्सिडीज एसएसके आणि बर्किनची ब्लोअर बेंटली. बर्किननं तिचा असा काही पिच्छा पुरवला की एका ठिकाणी चाक गवतावर घालून, टायरच्या चिंध्या होत असताना त्यानं तिला मागे टाकलं. मर्सिडीज रात्रीत बाद झाली, ब्लोअर बेंटल्याही बाद झाल्या. जिंकली कोण? बेंटलीचीच, पण सुपरचार्जर नसलेली, मोठ्या इंजिनाची स्पीड सिक्स! बार्नाटो आणि किडस्टन हे तिचे ड्रायव्हर. बेंटलीसाहेब मनात काय म्हणाले असतील, याची कल्पना तुम्हीच करा.

या कहाणीत एक मराठी पानही आहे बरं का. इंदूरच्या यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३५ मध्ये अमेरिकन ड्यूसेनबर्ग एसजे घेतली आणि तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंगकडून दोन सीटची काळी-केशरी बॉडी बांधून घेतली. साधी ड्यूसेनबर्ग जे २६५ हॉर्सपॉवरची, सुपरचार्जरवाली एसजे ३२० ची. हा पंप रूट्स जातीचा नव्हता, सेंट्रिफ्यूगल होता. फेरे वाढले तरच त्याचा दाब वाढतो, त्यामुळे गावातल्या चालीला तो जवळपास झोपलेलाच. म्हणजे तिसरं उत्तर, पंपाचा स्वभावच बदला.

चौथं आणि टिकलेलं उत्तर म्हणजे बायपास व्हॉल्व्ह. हे समजायला मला पुस्तकापेक्षा माझं गाव जास्त उपयोगी पडलं. भंडाऱ्याहून वैनगंगा ओलांडली की आमचं कारधा. खाली पवनीजवळ गोसीखुर्द धरण, ३३ दारांचं. पावसाळ्यात आमच्याकडे गप्पांचा विषय एकच, पुलाजवळ पाणी किती आणि दारं किती उघडली. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस महापूर आला आणि भंडारा शहरातल्या वस्त्यांमध्ये पाणी शिरलं, तेव्हापासून तर जास्तच. मागून येणारं पाणी तुम्ही थांबवू शकत नाही. हातात एवढंच असतं की दार कधी उघडायचं आणि किती.

बायपास व्हॉल्व्ह म्हणजे असंच एक दार. पंपानं पुढे ढकललेली हवा त्यातून फिरून पंपाच्याच तोंडाशी येते. दोन्हीकडे दाब सारखा झाला की पंप फिरतो, पण कष्ट करत नाही. १९८९ च्या फोर्ड थंडरबर्ड सुपर कूपमध्ये ईटन कंपनीचा असा सुपरचार्जर आला आणि २००२ च्या मिनी कूपर एसपर्यंत ही पद्धत रुळून गेली. आता दार कोण उघडतं? इंजिनाचा स्वतःचा व्हॅक्यूम. हळू चालवताना इनटेकमध्ये व्हॅक्यूम असतो, तो रबरी पडदा खेचतो आणि व्हॉल्व्ह उघडतो. पाय दाबला की व्हॅक्यूम जातो आणि स्प्रिंग व्हॉल्व्ह मिटवते. ड्रायव्हरच्या पायाची शिस्त आता एका स्प्रिंगकडे गेली.

आणि स्प्रिंग आली की ती पिळणारे हातही आलेच! माझा शाळेतला एक मित्र न्यू जर्सीत असतो. त्याच्याकडे सुपरचार्जरवाली एक जुनी छोटी गाडी आहे. एका रविवारी त्याचा फोन. "अबे, हा व्हॉल्व्ह कायमचा बंदच करून टाकला तर? सगळी हवा इंजिनाला!" म्हटलं, "काऊन बे? पूर्ण पाय दाबल्यावर तो तसाही बंदच असते ना."

यातच सगळं आलं. स्प्रिंग कडक केली की व्हॉल्व्ह लवकर मिटतो. गाडी पायाला चटकन उत्तर देते आणि जास्त ताकदवान भासते. पण कमाल ताकद तेवढीच राहते. बदल्यात साध्या चालीतही हवा तापते आणि पेट्रोल जास्त जातं. स्प्रिंग फार ढिली पडली तर उलटा त्रास, व्हॉल्व्ह नीट मिटतच नाही आणि दाब गळतो. म्हणून ॲडजस्ट करण्याआधी तपासायचं. हातानं चालवायचा छोटा व्हॅक्यूम पंप नळीला लावा, हळूहळू खेचा, दांडी कधी हलते आणि पूर्ण कधी उघडते ते पाहा. मग थांबा आणि काटा जागेवर राहतो का ते बघा. सोडल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटायला हवा. मिटताना त्याला अडवणाऱ्या बारीक स्क्रूला उगाच हात लावू नका.

मित्राचा काटा राहीना. पडदाच फाटला होता. म्हणजे कित्येक महिने त्याचा व्हॉल्व्ह उघडतच नव्हता आणि पठ्ठ्या ब्लोअर बेंटली चालवत होता! नवा पडदा बसला, मायलेज सुधारलं, आणि याची तक्रार काय? "गाडी मवाळ झाली राव."

या इतिहासाचा पुढचा टप्पा आपल्या पुण्यात येऊन गेला. मर्सिडीजनं १९९० च्या दशकात एसएलके २३० कॉम्प्रेसरमध्ये पुन्हा क्लच आणला होता, फक्त आता विजेवर चालणारा. मग २००२ च्या सुमाराच्या नव्या १.८ लिटर इंजिनात क्लच गेला, पंप कायम फिरता झाला आणि बायपासची झडप चालवायला आली इलेक्ट्रिक मोटर. पुण्यात जुळलेल्या सी २०० कॉम्प्रेसर गाड्यांमध्ये हेच इंजिन होतं. झडप किती उघडायची हे इंजिनाचा कॉम्प्युटर ठरवणार, स्क्रू पिळायची सोयच नाही. २०१० मध्ये टर्बोवाली सी २०० सीजीआय आली आणि इथला कॉम्प्रेसरचा जमानाही सरला.

पाय, स्प्रिंग, मग सॉफ्टवेअर. 'आत्ता जोर नको' हे ठरवण्याचा अधिकार असा हळूहळू माणसाकडून निघून आपल्यासारख्या कोड लिहिणाऱ्यांकडे आला. आपण मात्र परफॉर्मन्स म्हणजे पीक लोड एवढंच धरून बसतो. खरं तर गाडी आयुष्यातला बहुतेक वेळ अर्ध्या पायावर चालते, आणि आपले सर्व्हरही. कमाल आकडा ब्रोशरमध्ये छापला जातो. इंजिन किती वर्षं टिकेल, ते मात्र नको असलेला दाब तुम्ही कुठून जाऊ देता यावर ठरतं.