थेम्सकाठच्या रेवखाणी आणि भूजल

थेम्सच्या वरच्या खोऱ्यात चिकणमातीवर रेवेचा थर असून त्यात भूजल अगदी उथळ असते. १९२० नंतरच्या दशकात तेथे खाणी सुरू झाल्या. पंपाने उपसा चाले तोवर खड्डे कोरडे राहत. उपसा थांबताच तळी होत. आज अशी तळी दीडशेहून अधिक आहेत. इंग्लंडात इतरत्र कित्येक खड्डे केरकचऱ्याने बुजविले गेले व त्यासच पुनरुद्धार म्हटले गेले. ‘भराव’ आणि ‘पुनर्भरण’ हे शब्द एकाच मुळाचे. येथे मात्र पहिला दुसऱ्याच्या मुळावर आला, कारण कचऱ्यातून पाझरलेले पाणी रेव अडवीत नाही. १९७४ च्या प्रदूषण-नियंत्रण कायद्याने कचरा टाकण्यास परवाना सक्तीचा केला. तरीही निरीक्षणविहिरींतील पातळी व क्षार खोदकामापूर्वीच मोजलेले नसतील, तर मूळचा दोष कोणता आणि खाणीचा कोणता, हे पुढे सिद्ध करणे दुर्घट होते.