परळचे डॉ. सेन

हृदयारोपण म्हटले की आपल्याला केप टाऊनचे डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड आठवतात. ३ डिसेंबर १९६७ चे ते ऑपरेशन जगभर गाजले. त्याच आठवड्यात न्यूयॉर्कला कँट्रोविट्झ यांनी आणि पुढच्या महिन्यात स्टॅनफर्डला शमवे यांनी तोच प्रयत्न केला. चौथा सर्जन कोण, असे मी इथल्या मंडळींना विचारतो तेव्हा बहुतेकांना तो अमेरिकनच असणार असे वाटते. तो होता परळच्या के. ई. एम. हॉस्पिटलमधला : डॉ. प्रफुल्लकुमार सेन.

सेन बंगाली, पण त्यांची घडण मुंबईत, जी. एस. मेडिकल कॉलेजात झाली. सांधेतापाने आकसलेली झडप धडधडत्या हृदयात बोट घालून मोकळी करायची, हे त्या पिढीच्या सर्जनांचे रोजचे काम. सेन तेवढ्यावर थांबले नाहीत. कुत्र्यांवरचे प्रयोग हा त्यांच्या विभागाचा कणाच होता.

मला त्यांचे सर्वांत आवडते काम हृदयारोपणाचे नव्हेच. सापाच्या हृदयाची भिंत स्पंजासारखी असते. तिला रक्त बरेचसे आतल्या कप्प्यातूनच मिळते. मग माणसाच्या रोहिण्या तुंबल्या, तर भिंतीला सुईने भोके पाडून तसेच रक्त पोचवता येईल का? हा विचार त्यांनी १९६५ साली अमेरिकन नियतकालिकात मांडला. पुढे सुईच्या जागी लेसर आला, आणि १९९८ मध्ये त्याला अमेरिकन सरकारची मान्यताही मिळाली. भोके बुजतात आणि फायदा नेमका कशामुळे होतो यावर वाद आहे, हेही सांगायला हवे. पण कल्पना परळची!

फेब्रुवारी १९६८ मध्ये सेन यांनी हृदय बदलले. रुग्ण सुमारे तीन तास जगला. सप्टेंबरमधला दुसरा चौदा तास. याला सरसकट 'अपयश' म्हणणे मला पटत नाही. नकार रोखणारी आजची औषधे तेव्हा कोणाजवळच नव्हती. शिवाय मेंदू मृत झाला म्हणजे माणूस मृत, असे मानणारा कायदाही भारतात नव्हता. दात्याचे हृदय काढणाऱ्या सर्जनच्या पाठीशी मग उभे कोण राहणार?

तो कायदा जुलै १९९४ मध्ये झाला. महिना उलटायच्या आत, ३ ऑगस्टला, दिल्लीच्या 'एम्स'मध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी भारतातले पहिले यशस्वी हृदयारोपण केले. सेन १९८२ मध्येच गेले होते.