खटके (संगणकीय ध्वनी)

संगणकीय ध्वनीतील खटके म्हणजे संगणकावर ध्वनिमुद्रण वाजवताना मध्येच ऐकू येणारे, मूळ ध्वनीत नसलेले, अत्यल्प काळाचे ‘टक्’ किंवा ‘फट्’ असे आवाज. ध्वनितरंगाची सलगता एकाएकी तुटल्यामुळे ते निर्माण होतात. दोष ध्वनिफाइलमध्ये आहे, संगणकात आहे की विद्युत जोडणीत, हे ठरवणे ही दोषनिवारणाची पहिली पायरी होय.

स्वरूप

डिजिटल ध्वनी हा तरंगाच्या क्रमवार मोजमापांचा, म्हणजेच नमुन्यांचा बनलेला असतो. सीडीवर दर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. चित्रफितींसाठी ४८,००० हा दर रूढ आहे. संगणक हे नमुने बफर नावाच्या तात्पुरत्या साठ्यातून साउंड कार्डाकडे पाठवतो. नवे नमुने येण्यापूर्वी साठा रिकामा झाला, तर तरंग तुटतो व खटका ऐकू येतो.

निदान

तोच भाग दोनतीनदा वाजवून पाहावा. खटका प्रत्येक वेळी त्याच जागी आला आणि दुसऱ्या संगणकावरही तसाच ऐकू आला, तर दोष फाइलमध्ये असतो. त्याची जागा बदलत असेल, तर दोष संगणकात किंवा जोडणीत शोधावा.

कारणे व उपाय

• बफर अपुरा असणे : ४८,००० नमुनादराला ५१२ नमुन्यांचा बफर सुमारे १०.७ मिलिसेकंद पुरतो, तर २,०४८ नमुन्यांचा सुमारे ४२.७ मिलिसेकंद. केवळ ऐकताना बफर वाढवल्याने तोटा होत नाही. मुद्रण करताना स्वतःचा आवाज मात्र उशिरा ऐकू येतो.
• ड्रायव्हर : वायफाय किंवा ग्राफिक्सचा सदोष ड्रायव्हर प्रोसेसर अडवून धरू शकतो. ड्रायव्हर अद्ययावत करावेत. वायफाय काही वेळ बंद करून फरक पाहावा.
• वीजबचत : आवाज सुरू होताना किंवा थांबताना एकच ‘फट्’ येत असेल, तर ध्वनियंत्रणेची वीजबचत बंद करावी.
• विद्युत जोडणी : पंखा किंवा फ्रिज सुरू होताना खटका येणे हे विद्युत व्यत्ययाचे लक्षण आहे. लॅपटॉप चार्जरविना चालवून व वायर बदलून खात्री करावी.
• सदोष संपादन : तरंग शून्यरेषेवर नसताना कापल्यास जोडावर खटका येतो. तेथे काही मिलिसेकंदांचा चढउतार दिल्यास तो नाहीसा होतो.

लोकसंगीताच्या मुद्रणातील अडचण

फाइलमधील खटके काढणारी स्वयंचलित साधने तरंगातील आकस्मिक उसळी शोधतात. तालवाद्याचा आघातही तशीच उसळी निर्माण करतो. धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील तुळजापूर हे तुळजाभवानीचे स्थान असून तिच्या उपासनेत गोंधळाला महत्त्व आहे. गोंधळात संबळ व तुणतुणे ही प्रमुख वाद्ये असतात. संबळ काठ्यांनी वाजवला जात असल्याने त्याचा आघात तीक्ष्ण असतो. साधनाची संवेदनशीलता वाढवल्यास खटक्यांबरोबर हे आघातही बोथट होतात.

तरंगचित्र मोठे करून पाहिल्यास फरक कळतो. खटका मोजक्याच नमुन्यांत संपतो. संबळाचा आघात झपाट्याने उसळतो, पण त्याचा नाद हळूहळू विरतो. आघाताच्या वेळी तरंगाचे माथे सपाट दिसल्यास मुद्रणाची पातळी जादा होती असे समजावे. असा कापला गेलेला भाग पूर्णतः परत मिळत नाही; म्हणून मुद्रणापूर्वी सर्वांत जोरकस आघातावर पातळी ठरवणे आवश्यक असते.

दुरुस्ती नेहमी प्रतीवर करावी व मूळ फाइल न बदलता जपून ठेवावी. जुन्या गायकवादकांचे मुद्रण पुन्हा करणे बहुधा शक्य नसते; मूळ फाइल शाबूत असल्यास चुकलेली दुरुस्ती मात्र नव्याने करता येते.