नवोदयची निवड चाचणी आणि पाचवीची परीक्षा : पलूसच्या पालकांपुढील प्रश्न

सांगली जिल्ह्यातील पलूस हा कृष्णाकाठचा, ऊस आणि द्राक्षांचा तालुका. किर्लोस्करवाडीची कारखानदारी, कुंडलचा स्वातंत्र्यलढ्यातील वारसा आणि भिलवडीचा दुग्धव्यवसाय यांमुळे हा परिसर महाराष्ट्राला परिचित आहे. शैक्षणिक नकाशावर मात्र पलूसची ओळख आणखी एका कारणाने आहे. सांगली जिल्ह्याचे जवाहर नवोदय विद्यालय येथे आहे. जिल्ह्यातील पाचवीच्या मुलामुलींच्या घरी दरवर्षी एक प्रश्न उभा राहतो. नवोदयच्या निवड चाचणीसाठी मुलाला तयार करावे, की शाळेच्या नेहमीच्या अभ्यासावर आणि परीक्षेवरच लक्ष केंद्रित करावे? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी या दोन परीक्षा नेमके काय मोजतात, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

नवोदयमागील विचार

ग्रामीण भागातील हुशार मुलांना, त्यांच्या कुटुंबाची आर्थिक स्थिती कशीही असो, दर्जेदार निवासी शिक्षण मिळावे, या हेतूने १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात नवोदय विद्यालयांची कल्पना मांडली गेली. तत्पूर्वी १९८५-८६ मध्ये हरियाणातील झज्जर आणि महाराष्ट्रातील अमरावती येथे पहिली दोन विद्यालये प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली होती. ही विद्यालये केंद्र सरकारच्या अखत्यारीतील नवोदय विद्यालय समितीमार्फत चालविली जातात आणि केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाशी संलग्न आहेत. सहावी ते बारावी अशी सात वर्षे मुले वसतिगृहात राहतात. निवास, भोजन, गणवेश आणि पाठ्यपुस्तके यांचा खर्च शासन करते. नववीपासून काही विद्यार्थ्यांकडून विद्यालय विकास निधी घेतला जातो. मुली, अनुसूचित जाती-जमातींचे आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतील विद्यार्थी यांना त्यातून सूट आहे.

प्रत्येक विद्यालयात सहावीसाठी कमाल ८० जागा असतात. त्यांपैकी किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातील मुलांसाठी आणि एकतृतीयांश जागा मुलींसाठी राखीव असतात. ग्रामीण जागेवर दावा सांगण्यासाठी तिसरी, चौथी व पाचवी ही तीन वर्षे ग्रामीण भागातील शाळेत पूर्ण केलेली असावी लागतात. त्यामुळे चांगल्या शाळेच्या शोधात मुलाला चौथीत सांगली-मिरजेसारख्या शहरात हलविणाऱ्या कुटुंबाची ग्रामीण जागेची संधी नकळत हुकते. प्रवेश त्याच जिल्ह्यातील विद्यार्थ्यांना मिळतो.

चाचणीचे स्वरूप

निवड चाचणी दोन तासांची, ८० प्रश्नांची आणि १०० गुणांची असते. मानसिक क्षमतेचे ४० प्रश्न ५० गुणांसाठी, अंकगणिताचे २० प्रश्न २५ गुणांसाठी आणि भाषेचे २० प्रश्न २५ गुणांसाठी विचारले जातात. प्रत्येक प्रश्नाला सव्वा गुण असून चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. चाचणी मराठीतूनही देता येते. मात्र सर्वांत महत्त्वाची अट ही, की कोणत्याही विद्यार्थ्याला ती आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालेला विद्यार्थी पुढील वर्षी पुन्हा बसू शकत नाही. रिक्त जागा असल्यास नववी व अकरावीसाठी स्वतंत्र निवड होते. पण त्या जागा थोड्या असतात.

येथेच शालेय परीक्षा आणि निवड चाचणी यांतील पहिला फरक स्पष्ट होतो. चाचणीचे निम्मे गुण ज्या भागाला आहेत, त्या मानसिक क्षमतेचा शाळेच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात धडा नाही. वेगळी आकृती ओळखणे, अपूर्ण आकृती पूर्ण करणे, आरशातील प्रतिमा, आकृत्यांचा क्रम, घडी घालून छिद्र पाडलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल, असे हे प्रश्न असतात. वर्गात नेहमी पहिल्या येणाऱ्या मुलाला ते अडू शकतात आणि प्रगतिपुस्तकात साधारण दिसणारी एखादी मुलगी ते सहज सोडवू शकते. त्याचबरोबर, हे प्रश्न निव्वळ जन्मजात बुद्धी मोजतात असेही नाही. आकृत्यांच्या प्रकारांशी आधी परिचय झालेल्या मुलाचा वेळ वाचतो आणि दोन तासांच्या चाचणीत तोच निर्णायक ठरतो. सराववर्गांचे महत्त्व यामुळेच वाढले आहे.

पाचवीतील परीक्षांची गर्दी

पाचवीच्या मुलापुढे ही एकच परीक्षा नसते. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची शिष्यवृत्ती परीक्षा पूर्वी चौथी व सातवीत होत असे. २०१६-१७ पासून ती पाचवी व आठवीत घेतली जाऊ लागली आणि नवोदयच्या वर्षातच येऊन बसली. २०२५ मध्ये राज्य शासनाने ती पुन्हा चौथी व सातवीकडे नेण्याचा निर्णय घेतला. या परीक्षेच्या प्रत्येकी १५० गुणांच्या दोन प्रश्नपत्रिकांत प्रथम भाषा, गणित, इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी यांचा समावेश असतो. बुद्धिमत्तेचा भाग १०० गुणांचा असल्याने त्याची तयारी नवोदयलाही उपयोगी पडते. फरक इतकाच, की शिष्यवृत्ती मिळाली तरी मूल आपल्याच घरी आणि आपल्याच शाळेत राहते.

शेजारच्या सातारा जिल्ह्याचा पर्यायही अनेक पालकांच्या विचारात असतो. देशातील पहिली सैनिक शाळा २३ जून १९६१ रोजी सातारा येथे सुरू झाली. तिच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेत ३०० पैकी १५० गुण एकट्या गणिताला असतात. म्हणजे नवोदयमध्ये आकृत्यांना जे वजन, ते येथे गणिताला. एकाच मुलाला दोन्ही परीक्षांना बसविताना ही बाब दुर्लक्षून चालत नाही.

शाळेच्या वार्षिक परीक्षेचे महत्त्वही आता पूर्वीसारखे राहिलेले नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत विद्यार्थ्याला त्याच वर्गात न ठेवण्याचे तत्त्व स्वीकारले. २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि महाराष्ट्राने २०२३-२४ पासून पाचवी व आठवीच्या वर्षअखेरीस वार्षिक परीक्षा सुरू केली. अनुत्तीर्ण विद्यार्थ्याला अतिरिक्त मार्गदर्शन आणि पुनर्परीक्षेची संधी मिळते. त्यातही यश न आल्यास त्याला त्याच वर्गात ठेवले जाते. त्यामुळे नवोदयच्या तयारीपायी पाचवीचे परिसर अभ्यास किंवा इंग्रजी बाजूला टाकणे परवडणारे नाही. निवड झाली तरी पाचवी पूर्ण केल्याशिवाय सहावीत पाऊल पडत नाही, आणि निवड न झाल्यास पुढचा सगळा अभ्यास याच पायावर उभा राहतो.

दोन परीक्षा, दोन प्रश्न

शालेय परीक्षा विचारते, ‘या मुलाला शिकविलेले आले का?’ या प्रश्नाचे उत्तर वर्गातील सर्वच मुलांच्या बाबतीत ‘होय’ असू शकते. किंबहुना तसे असावे अशीच अपेक्षा असते. निवड चाचणी विचारते, ‘या ८० जागांवर कोणाला बसवावे?’ येथे कितीही मुले उत्तम असली तरी ८० च्या पुढे यादी जात नाही. त्यातही ग्रामीण-शहरी, मुली, आरक्षित प्रवर्ग, दिव्यांग अशा वाटण्या असल्याने निवड यादी म्हणजे जिल्ह्यातील मुलांची एकसलग गुणवत्ता यादी नव्हे. एका सव्वा गुणाने मूल यादीच्या आत किंवा बाहेर जाऊ शकते. निवड न होण्याचा अर्थ ‘जागा मिळाली नाही’ एवढाच असतो. ‘मूल हुशार नाही’ असा होत नाही. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला हा फरक आपोआप कळत नाही. तो घरातील मोठ्यांच्या बोलण्यातून कळतो किंवा कायमचा निसटतो.

बुद्धिमापनाचा इतिहासही हीच सावधगिरी शिकवितो. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने यांनी १९०५ मध्ये पहिली बुद्धिमापन श्रेणी तयार केली, ती शिकण्यात मदतीची गरज असलेली मुले ओळखण्यासाठी. हुशारांची निवड करण्यासाठी नव्हे. पुढे अमेरिकेत ल्युईस टर्मन यांनी १९२१ मध्ये अतिबुद्धिमान मुलांचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला. त्यांच्या चाचणीतून वगळली गेलेली विल्यम शॉकली आणि लुईस अल्व्हारेझ ही दोन मुले पुढे पदार्थविज्ञानाच्या नोबेल पारितोषिकाची मानकरी ठरली. चाचणी निरुपयोगी असते असे यावरून म्हणता येणार नाही. ती अपुरी असते, एवढे निश्चित म्हणता येईल.

महाराष्ट्रात या विषयावर दोन वेगळे विचारप्रवाह दिसतात. पुण्यात डॉ. वि. वि. उर्फ अप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनीची स्थापना केली. बुद्धिमान मुलांना वेगळे शिक्षण आणि सामाजिक जबाबदारीचे भान द्यावे, ही त्यामागील भूमिका. याउलट कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळील काले येथे स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेने शिक्षण बहुजनांच्या दारापर्यंत नेण्यावर भर दिला. सातारा-सांगलीच्या मातीत दुसरा प्रवाह अधिक खोल रुजला आणि गावोगावी माध्यमिक शाळा उभ्या राहिल्या. नवोदयचा दरवाजा बंद झाला तरी या भागातील मुलापुढे अंधार नसतो, त्याचे कारण हेच आहे.

खरा निर्णय चाचणीनंतरचा

पालकांचे लक्ष बहुधा चाचणीवर खिळलेले असते. प्रत्यक्षात अवघड निर्णय निवड झाल्यावर घ्यावा लागतो. दहा-अकरा वर्षांचे मूल घर सोडून वसतिगृहात राहणार असते. पलूसच्या मुलाचे घर विद्यालयापासून हाकेच्या अंतरावर असले, तरी त्याला मुक्काम वसतिगृहातच करावा लागतो. भाषेच्या धोरणानुसार सातवी-आठवीपर्यंत मातृभाषेचा आधार असतो. त्यानंतर गणित व विज्ञान इंग्रजीतून आणि सामाजिक शास्त्रे हिंदीतून शिकविण्याची पद्धत आहे. राष्ट्रीय एकात्मतेच्या योजनेनुसार नववीतील सुमारे ३० टक्के विद्यार्थी एक वर्षासाठी दुसऱ्या भाषिक प्रदेशातील नवोदयमध्ये पाठविले जातात. म्हणजे पलूसचा विद्यार्थी ते वर्ष एखाद्या हिंदी भाषिक राज्यात काढू शकतो. काही मुले या अनुभवाने बहरतात, काहींना तो झेपत नाही. याची पुरेशी कल्पना पालकांना अर्ज भरण्यापूर्वीच असावी.

पालकांनी काय पाहावे?

पहिली गोष्ट, मुलाची इच्छा. अर्ज भरण्यापूर्वी वसतिगृहाविषयी त्याच्याशी मोकळेपणाने बोलावे. विद्यालयात शिकलेल्या एखाद्या ओळखीच्या विद्यार्थ्याची भेट घडवावी. दुसरी, तयारीची मर्यादा. अंकगणित आणि भाषा यांची तयारी शाळेच्या अभ्यासातूनच होते. वेगळा वेळ लागतो तो आकृत्यांच्या सरावाला. रोज अर्धा-पाऊण तास आणि अधूनमधून वेळ लावून सोडविलेली सराव प्रश्नपत्रिका एवढे बहुतेक मुलांना पुरेसे ठरते. त्यासाठी खेळ, झोप आणि अवांतर वाचन यांचा बळी देण्याचे कारण नाही. तिसरी, आर्थिक बाजू. ज्या कुटुंबाला शिक्षणाचा खर्च पेलणे कठीण आहे, त्याच्यासाठी नवोदयची सात वर्षे फार मोठा आधार आहेत. अशा घराने ही संधी जरूर घ्यावी. निवड झाली नाही तरी आठवीत आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षा असते. शासकीय व अनुदानित शाळांतील यशस्वी विद्यार्थ्यांना तिच्याद्वारे नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये मिळतात.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, निकालाच्या दिवसाची तयारी. निवड झाली नाही तर जूनमध्ये मूल कोणत्या शाळेत जाणार, हे आधीच ठरलेले असावे आणि ते मुलालाही माहीत असावे. चाचणी एकदाच देता येते; शिक्षण मात्र रोज चालू असते. घरात हे स्पष्ट असेल, तर चाचणीला बसण्यात तोटा नाही. ते स्पष्ट नसेल, तर निवड झालेल्या मुलालाही तिचे ओझेच वाटते.