फॅक्टरीतला पासवर्ड

(सगळ्या वेळा आपल्या घड्याळाच्या.)

1 ऑगस्ट 2016, सोमवार, सकाळी 7:12
शहापूर-मुरबाडकडे आवणीचे दिवस. अमेरिकेतल्या एका भाड्याच्या सर्व्हरवरून जगभरातल्या यंत्रांची दारं ठोठावणं सुरू होतं. कोणाचं दार उघडं आहे, एवढीच चाचपणी. ही सारी धडपड टेलनेटसाठी आहे. दुरून यंत्रात शिरून त्याला हुकूम सोडायची ती जुनी वाट. घरच्या राउटरमध्ये बाहेरून ही वाट उघडी असण्याचं काहीच कारण नाही. तरी लाखो ठिकाणी ती उघडीच होती.

9:29
ठोठावणं थांबतं.

10:07
‘मिराई’ नावाचा मालवेअर, म्हणजे यंत्रं ताब्यात घेणारा प्रोग्रॅम, बाहेर पडतो. पहिल्याच मिनिटात 834 यंत्रं त्याच्या ताब्यात जाऊन पुढची दारं ठोठावू लागतात.

10:17
अकरा हजार यंत्रं. कुलूप फोडावं लागलंच नाही. मिराईकडे साठेक जोड्यांची यादी होती: अॅडमिन-अॅडमिन, सपोर्ट-सपोर्ट, रूट-123456. कारखान्यात घातलेली ही नावं आणि पासवर्ड. राउटर, कॅमेरे, कॅमेऱ्यांचे रेकॉर्डर विकले गेले, भिंतीवर चढले, पण पासवर्ड तोच राहिला. मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते ती ही यादी. इतकी छोटी!

2 ऑगस्ट, पहाटे सहाच्या सुमारास
64,500 यंत्रं.

मिराई यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीत राहतो. वीज गेली की पुसला जातो. आपल्याकडे पावसाळ्यात वीज दिवसातून किती वेळा जाते हे सांगायला नको. म्हणजे गावातल्या यंत्रातून तो सहज निघून जाईल. पण वीज आल्यावर पासवर्ड तोच असेल तर काही मिनिटांत पुन्हा आत. नुसतं बंद-चालू करून भागत नाही, आधी पासवर्ड बदलावा लागतो.

दुसरी गोष्ट दुकानातल्या कॅमेऱ्याची. बाहेरून कोणी आपणहून आत येऊ पाहिलं तर राउटर सहसा येऊ देत नाही. आतल्या यंत्रांना तोच मोठा आडोसा असतो. पण मालकाला मोबाइलवर दुकान बघायचं असतं, म्हणून बसवणारा माणूस राउटरमध्ये एक पोर्ट, म्हणजे आत यायचं दार, उघडून देतो. त्या पोर्टातून मालकाला दिसतं तसंच इतरांनाही कॅमेऱ्यापर्यंत पोचता येतं.

30 सप्टेंबर
मिराईचा कोड जगजाहीर होतो. आता कोणीही वापरावा.

21 ऑक्टोबर, शुक्रवार, दुपारी 4:40
दिवाळी नऊ दिवसांवर. ‘डाइन’ या अमेरिकी कंपनीवर ताब्यातल्या यंत्रांचा मारा सुरू होतो. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता सांगणं हे तिचं काम. पत्ता मिळेना, म्हणून ट्विटर, नेटफ्लिक्स, रेडिट अनेकांना उघडेनात.

6:50
पहिला मारा ओसरतो.

रात्री 9:20
दुसरा. 10:30 पर्यंत. कंपनीच्या अंदाजाने एक लाखापर्यंत यंत्रं यात होती. त्यांच्या मालकांना त्या रात्री काहीही जाणवलं नसेल.

27 नोव्हेंबर
जर्मनीत डॉइचे टेलिकॉमच्या सुमारे नऊ लाख ग्राहकांचं इंटरनेट बिघडतं. मिराईचंच नवं रूप. यावेळी रोख 7547 या पोर्टावर होता; त्यातून कंपन्या दुरून राउटरची देखभाल करतात. इथे ग्राहकाने पासवर्ड बदलूनही उपयोग नव्हता. ते दार बाहेरच्यांसाठी कंपनीनेच बंद ठेवायला हवं होतं.

जुलै 2017, अखेरचा आठवडा
आता भारत. बीएसएनएलच्या ब्रॉडबँड मोडेमवर मालवेअरचा हल्ला होतो, आणि कंपनी ग्राहकांना मूळ पासवर्ड बदलायला सांगते. तो अनेकांकडे अजूनही अॅडमिन-अॅडमिन होता. बदलायचा तर मोडेमच्या पाठीवरच्या लेबलवर छापलेला आकडी पत्ता, बहुधा 192.168.1.1, ब्राउझरमध्ये टाकायचा, जुन्या पासवर्डने आत जायचं आणि नवा लिहायचा. तिथेच बाहेरून राउटर हाताळायची सोय बंद करता येते. वाय-फायचा पासवर्ड निराळा. तो बदलून हे दार बंद होत नाही.