उत्तर प्रदेशातील आंधी आणि हवामान-अंदाजाचा इतिहास

उत्तर प्रदेशात एप्रिल-मे महिन्यांतील धुळीच्या वादळाला 'आंधी' म्हणतात. पश्चिमेची तापलेली कोरडी हवा आणि बंगालच्या उपसागरावरची दमट हवा लखनऊच्या मैदानावर एकत्र आली, की गडगडाटी ढग झपाट्याने वाढतात. असा एकेक ढग सहसा तास-दोन तासांत विरतो. अंदाजाची अडचण तेथेच होती.

भारतीय हवामान विभाग १८७५ मध्ये स्थापन झाला. परंतु तारेने येणाऱ्या दैनंदिन नोंदींच्या नकाशावर इतके अल्पजीवी वादळ दिसत नसे. ३० एप्रिल १८८८ रोजी मुरादाबाद परिसरात गारपिटीने २४६ माणसे दगावली.

१९३० च्या दशकात विभागाचे पुण्यातील प्रमुख चार्ल्स नॉर्मंड यांनी वातावरणातील सुप्त अस्थिरतेचे विवेचन केले. बलूनच्या निरीक्षणांवरून वादळाला पोषक दिवस ओळखता येऊ लागला. नेमके गाव मात्र सांगता येत नव्हते. लखनऊसह ठिकठिकाणच्या डॉप्लर रडारमुळे आता पुढच्या तीन तासांचा जिल्हावार इशारा देता येतो.

तरीही २ मे २०१८ च्या रात्री उत्तर प्रदेश व राजस्थानात घरे, भिंती आणि झाडे कोसळून शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. इशारा झोपलेल्या घरापर्यंत वेळेत कसा पोहोचवायचा, हा या इतिहासातील आजचा प्रश्न आहे.